दर्शनाची चाचणी फेरी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून जमेल तेवढंच वाकून). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्यापाशी कशाला लपवू? येत्या सोमवारी तुझ्या भावजयीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, नजर राहील, पण छातीठोक सांगत नाहीत. ती एवढंच म्हणाली, की त्याआधी डोंगरावरचं देवीचं देऊळ आणि पलीकडची बुद्धलेणी एकदा डोळे भरून पाहायचीत. चौतीस वर्षांच्या संसारात बाईनं पहिल्यांदा काही मागितलं (एकदा साडी मागितली होती, पण ती तुझ्यासाठी).

आता मी पडलो बस डेपोत जन्मभर वेळापत्रकं केलेला माणूस. चाचणी फेरीशिवाय नवा मार्ग सुरू करायचा नाही, हा माझा खाक्या. म्हणून बुधवारी एकटाच निघालो. खिशात कागद: देवी, पस्तीस मिनिटं, चहा, दहा, लेणी, चाळीस, मनःशांती, पंधरा. देवळात कडेला उभा राहून रांगेतली डोकी मोजत होतो, तर पुजाऱ्यांना वाटलं, वरून कोणी तपासणीला आलंय. त्यांनी मला हाताला धरून थेट गाभाऱ्यापाशी नेलं. दर्शन दोन मिनिटांत झालं, पण रांगेला किती वेळ लागतो ते कुठं कळलं? मग गुपचूप रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा समोर गेलो तेव्हा देवी जरा वैतागलेलीच वाटली मला.

लेण्यांत एक वयस्कर भिक्खू झाडत होते. त्यांना विचारलं, ध्यान लागायला साधारण किती मिनिटं धरू? ते हसून म्हणाले, "बसून तर बघा." बसलो. समोर ती शांत मूर्ती. खरं सांगतो ताई, महिनाभर रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आणि तिथं मला गाढ झोप लागली (घोरलोही म्हणे). त्या भल्या माणसानं उठवलं नाही, उलट अंगावर चादर घातली. डोळे उघडले तोवर शेवटची गाडी गेली होती. पाच दहाची वेळ मीच ठरवलेली, आणि 'कोणासाठीही थांबू नये' हा शेराही माझाच. मेल्यांनी बरोब्बर पाळला! शेवटी एका टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर बसून घरी आलो, आणि कंबर तिथंच धरली.

तरी सुधारित वेळापत्रक तयार आहे. शनिवारी सकाळी सहाला तू आमच्याकडे हजर हवीस. गाडी सांगितली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र तिला वाचून दाखवलं (अक्षर पुसट दिसतं तिला). पोट धरून हसली, आणि वेळापत्रक फाडून टाकलं. म्हणाली, "मी आणि ताई, दोघीच जातो. तुम्ही घर सांभाळा."

आणखी एक ता. क. हे तिच्या नकळत लिहितोय. ताई, तुझा शब्द ती मोडत नाही. मलाही न्यायला सांग ना गं. मागे बसेन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही. देऊळ आणि लेणी माझी बघून झालीत. ती बघत असेल तेव्हा मला तिचे डोळे बघायचेत.