चित्राबरहुकूम घर

तीर्थरूप काकांना, त्यांच्या एकुलत्या एका (आणि सध्या तोंड लपवून बसलेल्या) पुतण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

गुडघा कसा आहे? ताईच्या इमारतीत लिफ्ट बसली, की अजून कठडा धरूनच चढता? काकूंना झोप लागते ना? इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

धंदा माझ्या हाती सोपवून तुम्ही ताईकडे गेलात, तेव्हा मी मनात म्हटलं, आता आपलंच राज्य! ते राज्य असं आहे: ऑफिसात चिटपाखरू फिरकत नाही. कामं फोनवर येतात, दर फोनवर ठरतात, सह्यासुद्धा फोनवर बोटाने होतात (माझी सही शाईत पडलेलं झुरळ चालत गेल्यासारखी दिसते). तुम्ही मालकाला प्लॉटवर न्यायचात, काठीने मातीत रेघ मारून "इथं स्वयंपाकघर" म्हणायचात, मालकीणबाई "छे, तिथं!" म्हणायच्या, मग भांडण, मग चहा. त्या भांडणातच घर ठरायचं. माझ्या पहिल्यावहिल्या घराचे मालक मी अजून डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. ते परगावी असतात. त्यांनी कॉम्प्युटरवर काढलेलं घराचं चित्र पाठवलं, इतकं देखणं की फोटोच वाटावा. खाली लिहिलं होतं, "काम चित्राबरहुकूम". मी आनंदाने बोट फिरवलं.

घर झालं. भिंती ओळंब्यात, फरशी सरळ, कुठे थेंबभर गळती नाही. तुमच्या जुन्या मिस्त्रींनी नाव ठेवायला जागा ठेवली नाही. मी फोटो पाठवले. उत्तर आलं, बैठकीच्या भिंतीवरचं ऊन कुठे आहे?

काका, चित्रात त्या भिंतीवर संध्याकाळचं सोनेरी ऊन पडलंय. ते खरोखर पाडायचं तर सूर्याने उत्तरेला मावळायला हवं. मी हे नम्रपणे कळवलं. मालक म्हणाले, "अहो, पण आम्ही तेच बघून घर पसंत केलं!" मग वायरमनकडून पिवळे दिवे लावून घेतले, तर भिंतीला कावीळ झाली. दारातलं झाड चित्रात दोन मजली आहे, मी लावलेलं माझ्या कमरेला लागतं (रोपवाला म्हणतो, दहा वर्षं कळ काढा). चित्रातलं मांजर तेवढं मिळालं, तेही शेजाऱ्यांचं, आणि ते ओल्या रंगावरून चालत गेलं. पावलं चित्रात नव्हती, असं मालकांनी तातडीने कळवलं.

मिस्त्री पोट धरधरून हसतात. मला हसू येत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मालक पहिल्यांदाच येणार. घर पसंत पडलं तर किल्ली घेतील, नाहीतर माझ्या नावापुढे एकच तारा टाकतील. (हल्ली ठेकेदारांना लोक फोनवरून तारे देतात, आणि दिलेला तारा म्हणे जन्मभर पुसत नाही.) पहिल्याच कामात एक तारा पडला तर दुसरं काम कोण देणार?

घर चांगलं झालंय हो काका. परवा रिकाम्या बैठकीत एकटाच बसलो होतो, फार वाईट वाटलं. "छे, तिथं!" म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं. तुम्ही मातीत रेघा मारायचात तेव्हा मी उन्हाचं निमित्त सांगून ऑफिसात पंख्याखाली बसायचो. आता त्याची हळहळ वाटते.

काकूंना नमस्कार, भाचीला गोड पापा.

तुमचा पुतण्या
(ठेकेदार म्हणायचं की नाही, ते रविवारी ठरेल)

ता. क. चित्रात व्हरांड्यात आरामखुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसलेत, हे वर लिहायचं राहिलं. पांढरा सदरा, टक्कल थेट तुमच्यासारखं. त्या रविवारी येऊन तेवढं बसाल का? बोलायचं काही नाही. गाडी पाठवतो, गुडघ्यासाठी स्टूल ठेवतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच मालकांचा फोन आला. ते म्हातारे चित्रकाराने उगीचच घातलेत, नसले तरी चालतील म्हणाले.

तरी तुम्ही या, काका. मालकांच्या आधी या. मला कुणाला तरी घर दाखवायचंय.