चारशे यार्डांचा लांडगा

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार. कर्जत.
ही वही कोणाला दाखवायची नाही. नेमबाजाकडे नोंदी असाव्या लागतात, म्हणून सुरू केली.
नेमबाज म्हणजे मी. खात्यात मात्र मस्टर कारकून. दुष्काळी रस्त्याच्या कामावर साडेचारशे माणसांची रोज हजेरी लावतो. मामा वारल्यावर त्यांची रायफल रीतसर माझ्या नावावर झाली. त्याला दोन वर्षे झाली. अजून वाजवलेली नाही. घाई करणारे वेगळे आणि नेमबाज वेगळे.
आज माळावरच्या वस्तीतली गोजरबाई घरी आली. एकटी बाई, शेळ्यांवर पोट. नऊ होत्या. परवा पहाटे लांडग्याने एक नेली. म्हणाली, “तुमच्याकडं बंदूक हाय म्हन्त्यात, सायेब. कायतरी करा.”
मी म्हणालो, महिन्याभरात बंदोबस्त होईल.
“म्हैना?”
मी म्हणालो, काम शास्त्रीय आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. श्वासाचा व्यायाम. तंबाखू बंद.

१३ नोव्हेंबर, सोमवार.
सात वाजता उठलो. उद्यापासून. तंबाखूही.

१९ नोव्हेंबर, रविवार. एस.टी.त, नगरहून परतताना.
नूरुद्दीन मिस्त्रींकडे गेलो होतो. तीन पिढ्यांचे बंदूकवाले. मामांच्या रायफलीची नळी आतून गंजली आहे म्हणाले. नवी बसवावी लागेल. त्यांच्याकडे दोन आहेत, एक जाड गोळीची, एक बारीक गोळीची. कुठली बसवू, असे विचारले.
मी म्हणालो, आधी काडतूस ठरेल, मग नळी, मग रायफल. लोक उलट्या क्रमाने जातात आणि फसतात.
त्यांनी विचारले, “लांडगा येतो किती लांबून?”
मी म्हणालो, तो किती लांबून येतो हा प्रश्नच नाही, मी किती लांबून मारू शकतो हा आहे. चारशे यार्ड धरा.
म्हणाले, “बारा बोअरची छऱ्याची बंदूक घेऊन जा साहेब. गोठ्यापाशी बसा. चाळीस पावलांवर काम होऊन जातं.”
हात चांगला आहे माणसाचा. थिअरी नाही.
नगरच्या लष्करी छावणीच्या रद्दीत नेमबाजीच्या इंग्रजी मासिकाचे चौदा जुने अंक मिळाले. डिक्शनरी घरी आहेच.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार.
ठरले. बारीक गोळी. तिचा मार्ग सपाट असतो, म्हणजे लांबवर गेली तरी फार खाली पडत नाही.
गोजरबाईची आणखी एक गेली. सात.

२९ नोव्हेंबर, बुधवार.
अंक नववा वाचला. जाड गोळीला वारा कमी ढकलतो. आपला माळ वाऱ्याचा. नूरुद्दीनना पोस्टकार्ड टाकले, जाड बसवा.

२ डिसेंबर, शनिवार.
अंक अकरावा. पुन्हा बारीक. दुसरे पोस्टकार्ड.
बढतीची यादी आली. नाव नाही. चौथ्यांदा. जेवलो. वांग्याचे भरीत होते.

१० डिसेंबर, रविवार. नगर.
दोन्ही पोस्टकार्डे एकाच दिवशी पोचली. नूरुद्दीननी काहीच केले नव्हते. शांतपणे म्हणाले, “आता तुम्ही इथंच बसा. बोला. मी बसवतो.”
बारीक बसवली. परदेशी तयार काडतुसे येणे बंद आहे. त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या. भरण्याचा परवाना नूरुद्दीनकडे आहे, तेव्हा भरणे त्यांच्या दुकानात, त्यांच्यासमोर. बाकी तयारी मी घरी करणार. मामांच्या बिस्किटांच्या डब्यात तेवीस पुंगळ्या निघाल्या. काळ्या पडल्यात.
दारू किती घालायची ते या वहीत लिहीत नाही. वही कोणाच्या हाती पडली तर?

१४ डिसेंबर, गुरुवार.
चार दिवस पुंगळ्या घासतो आहे. मासिकात एका खास पावडरीचे नाव आहे. कर्जतला मिळत नाही. मिरजगावलाही नाही. कामाला खीळ.

१५ डिसेंबर, शुक्रवार.
सकाळी पाहतो तर तेवीसच्या तेवीस पुंगळ्या लखलखीत. बायकोने, म्हणजे मुक्ताने, तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासून टाकल्या. मला विचारलेही नाही. शास्त्रीय कामात घरच्यांची अशी ढवळाढवळ बरी नव्हे. पण चमक मासिकातल्या फोटोपेक्षा चांगली आहे.
गोजरबाई सहा शेळ्यांवर आली. मुक्ताने सांगितले. मला काही वाटले नाही. आकडा लिहून ठेवला.

१९ डिसेंबर, मंगळवार.
रंगनाथ सोनाराकडून बारीक तराजू आणि गुंजा आणल्या. नूरुद्दीननी दिलेल्या तेवीस गोळ्या तोलल्या. अर्ध्या गुंजेचा फरक असलेल्या नऊ बाजूला काढल्या. तराजूच्या काळजीने रंगनाथही आला होता, बघत बसला. म्हणाला, “इतक्या बारकाईनं मी सोनं तोलत नाही.”
म्हणूनच तो सोनार आहे.

२२ डिसेंबर, शुक्रवार.
मुक्ता दोन दिवस वस्तीवर जात होती. आज समजले. गोजरबाईबरोबर बाभळीच्या फांद्या तोडून तिने गोठ्याभोवती छातीएवढे काटेरी कुंपण घातले. हात ओरबाडले आहेत. हळद लावून बसली होती.
मी तिला समजावले, काट्यांनी प्रश्न लांबतो, सुटत नाही.
“लांबू दे,” म्हणाली.

७ जानेवारी १९७३, रविवार. नगर.
चौदा काडतुसे भरून झाली. प्रत्येक काडतूस उजेडात धरून पाहिले. अशी काडतुसे या जिल्ह्यात कोणाकडे नसतील. एका निवृत्त कॅप्टनची दुर्बीणही मिळाली, रायफलीवर चढवली. आतला नेमासाठीचा काटेफुलीचा केस थोडा तिरपा आहे. मान तिरपी केली की सरळ दिसतो.
नूरुद्दीन पुन्हा बारा बोअरचे बोलले. मी हसलो. ते हसले नाहीत.

१३ जानेवारी, शनिवार. सायंकाळी.
चाचणी. पोलीस पाटलांना कळवून पडक्या खाणीत. जुन्या मस्टरच्या पाठीवर शाईचे वर्तुळ काढून चारशे यार्डांवर लावले. तीन गोळ्या झाडल्या. खांदा निळा झाला. उजवा कान बंद आहे.
कागदावर एकही भोक नाही. अर्थ स्पष्ट आहे. तिन्ही गोळ्या एकाच ठिकाणी गेल्या. ते ठिकाण सापडले नाही एवढेच.
दुर्बिणीचा स्क्रू अंदाजाने दीड आटा फिरवला. अकरा काडतुसे उरली. चाचणीत आणखी घालवणे परवडणार नाही.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.
कान अजून बंद. मुक्ता काहीतरी बोलत होती. हो म्हणालो. कशाला ते माहीत नाही. संध्याकाळी तिची बहीण आठ दिवसांसाठी राहायला आली.

२१ जानेवारी, रविवार.
वस्तीसमोरच्या टेकडीवर बसायची जागा केली. दगड रचले. तिथून गोठा बरोबर चारशे यार्ड, साखळीने मोजला. वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून मध्ये बाभळीला लाल फडके बांधले.
दुपारी फडके शेळ्यांनी खाल्ले. माळावर दुसरे काही उरलेलेच नाही. गोजरबाई म्हणाली, “लागलं त्यास्नी काम, सायेब. आनखी हाय का?”

२८ जानेवारी, रविवार.
सलग तिसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर. पाचला नाही, पावणेसातला. लांडगा नाही. कुंपण घातल्यापासून त्याने शेळी नेलेली नाही. सहाच्या सहा आहेत. कान उघडला.
लोक म्हणतील, कुंपणामुळे. माझ्या मते खाणीतल्या तीन गोळ्यांचा आवाज त्याने ऐकला असणार.

४ फेब्रुवारी, रविवार.
विचार केला. लांडगा आलाच नाही तर तो मरणार कसा? आणि मेला नाही तर प्रश्न कायमच. तीन महिन्यांच्या अभ्यासाचे काय? कामावरचे लोक विचारतात, “शिकारीसायेब, कवा?” मुकादमही विचारतो. परवा एका म्हाताऱ्याने हजेरी देता देता विचारले आणि मागची रांग हसली.
म्हणजे कुंपण हीच अडचण आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार.
गोजरबाईला सांगितले, टेकडीच्या बाजूचे कुंपण चार हात उघड. लांडगा तिथूनच येईल आणि तिथेच माझ्या नेमाची रेषा आहे. दोन दिवसांचे काम.
ती काट्यांकडे बघत उभी राहिली. म्हणाली, “उघडू का नगं, सायेब? सहा हायेत. त्यातली येक गाभन हाय.”
मी म्हणालो, माझ्यावर सोपव.
“तुमच्यावरच हाय की,” म्हणाली आणि कोयत्याने फांद्या ओढू लागली. मी एक ओढली. काटा लागला.
मुक्ताला सांगितले नाही. तिला थिअरी कळणार नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार.
वेळेवर उठलो. साडेपाचला टेकडीवर. लांडगा नाही. सव्वासातला कामावर. दिवसभर झोप येत होती, दोन नावे दोनदा लिहिली.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
घडले ते क्रमाने लिहितो.
साडेपाचला जागेवर. थंडी. रायफल भरलेली. वारा नाही. सहा दहाला उजाडू लागले.
सहा वीसला लांडगा आला. एक नव्हे, दोन. टेकडीच्या मागून आले, माझ्या खालून. तीस पावले असतील, कमीच. पुढच्याचा एक कान फाटलेला होता. दुर्बिणीतून पाहिले तर नुसते करडे केस. माझे काडतूस चारशे यार्डांसाठी भरलेले. तीस पावलांवर त्याचा हिशेबच नाही. ते चारशे यार्डांवर जाईपर्यंत थांबायचे ठरवले.
ते गेले. घाई नव्हती त्यांना. उघड्या जागेपाशी पुढचा उभा राहिला, आडवा, पूर्ण. अंतर बरोबर. वारा नाही. मान तिरपी केली, काटेफुली त्याच्या खांद्यावर आली. श्वास अर्धा सोडला.
बोट हलले नाही.
हललेच नाही. थंडी असेल. दुखत नव्हते, बधिरही नव्हते. नुसते तिथे होते, दुसऱ्या कोणाचे असावे तसे. लांडग्याने आत पाहिले, मागे पाहिले, मग तो आत गेला. त्यामागे दुसरा.
कोणी विचारले तर झोपडी रेषेत होती असे सांगायचे. झोपडी रेषेत नव्हती.
मग शेळ्यांचा आवाज. गोजरबाई काठी घेऊन बाहेर आली, ओरडत. माझ्याकडे बघून ओरडत होती की लांडग्यांवर, एवढ्या लांबून कळले नाही. दुर्बिणीत तिचे तोंड उघडमीट करताना दिसत होते. किती वेळ पाहिले लक्षात नाही.
मी खाली पोचलो तेव्हा लांडगे गेले होते. एक शेळी नेली, तीन मारून टाकल्या. गाभण होती ती त्या तिघींत. दोन उरल्या, कोपऱ्यात काट्यांत घुसलेल्या.
गोजरबाई जमिनीवर बसली होती. मी रायफल घेऊन उभा. पायाखाली ओले होते. मी म्हणालो, उद्या पुन्हा बसतो.
ती मग उठली, हात मातीला पुसले आणि म्हणाली, “बसा. थंडीचे बसून ऱ्हायलात. च्या टाकते.”
चहा कोरा होता. म्हणाली, “दुभती नेली त्येनी.”
मी प्यायलो. कप लहान होता. तिने पुन्हा भरला, तोही प्यायलो.

त्याच दिवशी, रात्री.
मुक्ताला वस्तीवरून कळले. जेवायला वाढले. समोर बसली नाही. भांडी आवरताना पाठमोरी म्हणाली, “कुंपण मी घातलं होतं.”
मी म्हणालो, माहीत आहे.
ती भांडी घेऊन मोरीत गेली. पोळ्या चार खाल्ल्या, रोजच्याएवढ्याच.

१२ फेब्रुवारी, सोमवार.
टेकडीवर गेलो नाही. रजा शिल्लक नाही.
मुक्ता कोयता घेऊन सकाळीच वस्तीवर गेली.

१८ फेब्रुवारी, रविवार. नगर.
रायफल आणि उरलेली काडतुसे रीतसर पावती घेऊन नूरुद्दीनकडे ठेवली. घरात जागा होत नाही.
त्यांनी विचारले, “काय झालं?”
मी म्हणालो, अंतर कमी पडलं.
“अंतर?”
मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फडक्याने नळीवरची धूळ पुसली आणि रायफल आत नेऊन ठेवली. बारा बोअरचे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.
एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली.

१९ फेब्रुवारी, सोमवार.
कामावर नवीन नाव एक. रांगेत बाईचा नंबर आला तेव्हा मान वर करून पाहिले. गोजरबाई. उरलेल्या दोन शेळ्या काल बाजारात गेल्या.
नियमाप्रमाणे वय विचारले. म्हणाली, “तुमीच टाका अंदाजानं, सायेब.”
साठ टाकले. काम: खडी फोडणे. अंगठा घेतला. तिचा हात कोरडा होता, शाई नीट धरली नाही, पुन्हा घ्यावा लागला. मागची बाई पुढे सरकली.
गोजरबाईचे नाव लिहिले तेव्हा अक्षर चांगले आले.