कारणाचा रकाना

दि. ४ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

स्वयंपाकघराची भिंत ओलीने फुगली, ओटा खचला, लाद्या उचकटल्या आणि तुमचा मला चकार शब्द नाही! शेजारच्या काकूंनी कळवलं म्हणून बरं. बारा वर्षं घराच्या विम्याचा हप्ता भरताय, तो काय हौस म्हणून? क्लेम करा. चाळीस वर्षं लोकांच्या घरात नळकाम करणाऱ्या माणसाच्याच घरात पाइप फुटला, याची लाज वाटतेय ना? मला माहीत आहे तुमचा ताठा.

फॉर्म मी भरते. तुमच्या हाताखाली शिकून महिन्यापूर्वी मलाही प्लंबरचा परवाना मिळालाय, विसरलात का? कारणाच्या रकान्यात काय लिहू तेवढं कळवा.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची चिमणी

दि. ९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद.

काकूंच्या तोंडाला कुलूप लावायला हवं. क्लेमबिम काही नको. विम्याचा सर्व्हेअर येणार, भिंत उकरणार, नसत्या चौकशा करणार. गच्चीत स्टोव्ह मांडलाय, मजेत आहे. लाद्या मीच बसवीन. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत.

तुझ्या परवान्याची झेरॉक्स गल्लीभर दाखवली. वाण्याने दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावली. त्या परवान्याला जप, बाकी मी बघतो.

तुझा,
आप्पा

दि. १७ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी आले होते तेव्हा तुम्ही दूध आणायला गेलात, तेवढ्यात मी भिंतीचा पोपडा काढला. तुमचा एकही सांधा हललेला नाही. पाइपात अडकलाय तो माझ्या फळीच्या स्क्रूचा मोडका तुकडा! सहा महिन्यांपूर्वी मोठ्या ऐटीत फळी ठोकली, पाइप कुठून जातो ते तुम्हाला न विचारता. स्क्रू गंजेपर्यंत भोक बुजलेलं राहिलं.

आणि तुम्ही फळी काढून भोकांत पुट्टी भरलीत. माझं नाव बाहेर येऊ नये म्हणून गच्चीत स्वयंपाक करताय! बसमध्ये रडले मी, आप्पा.

फॉर्म सोबत आहे. कारण: घरमालकाच्या मुलीने पाइप न तपासता स्क्रू मारला. खाली माझी सही आणि परवान्याचा नंबर. क्लेम नामंजूर झाला तर ओटा मी बांधीन. तुमची सही तेवढी करा.

चुकलेल्या लेकीवरही लोभ असू द्या.
चिमणी

दि. २४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद.

सही केली. आधी दोन दिवस फॉर्म उशाशी ठेवला होता. आज सर्व्हेअर येऊन गेला. चुकून झालेलं नुकसान विम्यात बसतं म्हणाला, पण निकाल कंपनी देईल. परवान्याच्या नंबराकडे मात्र बराच वेळ बघत होता. ही माझी मुलगी, असं मी त्याला न विचारताच सांगितलं.

एक तुला कधी बोललो नाही. माझ्या हातूनही तीन घरांच्या भिंती अशाच गेल्या. तिन्ही वेळा पाइप जुना होता, असं सांगून मोकळा झालो. सांधा जोडायला मी तुला शिकवलं, पोरी. हे मी शिकवलेलं नाही; मला येतच नव्हतं.

तुझाच,
आप्पा