तोंडपाठ

माय,

तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि आज मी तुला लिहायला बसले तेही फ्रेंचच्या वहीत. फ्रेंच म्हणजे फ्रान्स देशातली भाषा. तू न पाहिलेली तुझी नात तिकडे असते. शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि आता तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलंय. हिवाळ्यात सगळे इकडे येणार, लग्न नांदुऱ्यालाच व्हायचं. मुलगा चांगला आहे, हात जोडून जय भीम म्हणायला शिकलाय. त्याच्या आईला मात्र फ्रेंचशिवाय एक अक्षर येत नाही. लेक म्हणाली, आई, तू कशाला टेन्शन घेते, मी आहे नं मधात. मला ते काही पटलं नाही. विहिणीशी बोलायला मधात माणूस कशाला पाहिजे? मानपान, रुसवेफुगवे, हे काय तिसऱ्याच्या तोंडून करायचं असतं? म्हणून मी फोनवरचा क्लास लावला. पण तुला सांगायचंय ते हे नाही. तुझं वाचणं मी बंद पाडलं, ते सांगायचंय. पस्तीस वर्षं होत आली त्याला. तू होतीस तोवर आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही.

शाळा सुटल्यावर मी साडेपाचला घरी येते. हे गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. चहासुद्धा अर्धा कप मांडावा लागतो, आणि अर्धा कप चहा कधी नीट होत नाही. कुलूप काढलं की पहिला आवाज येतो फ्रिजचा. तो मला ऐकवत नाही, म्हणून चपला काढता काढताच मी मोठ्यानं सुरू करते: झोरे फिनी, त्यू ओरा फिनी, इल ओरा फिनी. मी संपवलेलं असेल, तू संपवलेलं असशील, त्यानं संपवलेलं असेल. हा त्यांच्या भाषेतला एक काळ आहे. जे अजून झालंच नाही त्याच्याही पुढं जाऊन उभं राहायचं आणि मागं वळून म्हणायचं, झालं बुवा एकदाचं. तुला हे अजिबात रुचलं नसतं. कापूस घरात येईपर्यंत यंदा किती होईल हा आकडा तू कोणाला तोंडातून काढू देत नव्हतीस. परवा शेजारीण कंपाउंडवरून विचारत होती, "मॅडम, रोज कोणाशी बोलून राह्यल्या हो?" म्हटलं, अभ्यास करून राह्यले. बाईचं डोकं फिरलं असंच वाटलं असेल तिला. वीस वर्षं वर्गातल्या पोरांना ओरडत आले, रट्टा मारू नका, समजून घ्या, आणि आता स्वतः चाळीस क्रियापदं एका दमात म्हणून दाखवते. मला वाटलं, आली आपल्याला भाषा.

त्या वर्षी मी सातवीत होते. गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले होते, वडनेरला आपल्या समाजमंदिरात बायांचा वर्ग भरायचा. गुरुजी एकटे आणि बाया पंचवीस, म्हणून ज्यांच्या घरात शिकणारं पोर आहे त्यांना त्या पोरानंच घरी शिकवायचं असं ठरलं. तू माझ्या वाट्याला आलीस. शेतातल्या निंदणावरून यायचीस, चूल पेटवायचीस, आणि तव्यावरची भाकर भाजेपर्यंत पुस्तक मांडीवर घ्यायचीस. पानापानावर तुझ्या बोटांचं पीठ लागलेलं असायचं. 'क' कळायचा, 'म' कळायचा, 'ल' आला की 'क' गेला. मी चिडायचे. "कितीदा सांगू व माय तुले?" तू म्हणायचीस, "सांग नं बाई अजून एकदा. माहं डोकं काही तुह्यासारखं कवळं नाही आता." बाहेर अंगणात पोरी लंगडी खेळत असायच्या, त्यांचा आवाज घरात यायचा, आणि माझा अर्धा जीव तिकडे असायचा.

मग एकाएकी तू वाचायला लागलीस. पहिला धडा, दुसरा धडा, घडाघडा. गुरुजींनी तुझं उदाहरण साऱ्या बायांना दिलं. खरं काय ते मला माहीत होतं. तू पाठ करत होतीस. तुझ्यासाठी त्यात अवघड काही नव्हतं. अख्खी वंदना तुला पालीत तोंडपाठ होती, अक्षर न ओळखता, अर्थ न कळता, आणि तुझ्याइतकी खणखणीत म्हणणारी वस्तीत दुसरी नव्हती. मी धडा एकदा वाचून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी निंदताना तू तो दिवसभर तोंडात घोळवायचीस. कोणत्या शब्दाला बोट कुठं असलं पाहिजे, पान कधी उलटायचं, तेसुद्धा तू पाठ केलं होतंस. आता विचार करते तर वाटतं, एवढ्या मेहनतीत तर अक्षरं आली असती.

परीक्षेला तालुक्याहून साहेब आले. बाया धुतलेली लुगडी नेसून ओळीनं बसल्या होत्या, आम्ही पोरं खिडकीत. तुझा नंबर आला. तू पदर सावरलास, पुस्तकावर बोट ठेवलंस आणि एकही शब्द न अडखळता सगळा धडा म्हटलास. साहेब म्हणाले, "शाब्बास, बाई." आणि मला राहवलं नाही. मी वर्गात पहिली येणारी पोरगी. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की माझा हात वर गेलाच म्हणून समज. मी खिडकीतूनच म्हटलं, "सर, तिले वाचता येत नाही. तिनं पाठ केलं हाय." साहेब हसले. त्यांनी मागचं एक पान उघडलं, म्हणाले, हे वाचा. तू त्या पानाकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे. रागानं नाही. चुलीपुढं अडलीस की पाहायचीस तशी, पहिला शब्द सांग म्हणून. मी मान खाली घातली. "नाही येत, साहेब," तू म्हणालीस. बाया हसल्या. साहेबांनी गुरुजींना सांगितलं, पोरगी खरं बोलणारी आहे, हिला पुढं शिकवा.

घरी येऊन तू पुस्तक वर फळीवर ठेवलंस आणि पीठ मळायला घेतलंस. "अक्षरओळख झाली तेवढी पुरे. निंदाले काय वाचा लागते?" दोन दिवसांनी काकू विचारायला आली, "काऊन व, येत नाही आता वर्गात?" तू म्हणालीस, "डोये दुखतात माहे." त्यानंतर राशनवर अंगठा, बँकेत अंगठा, माझ्या डी.एड.च्या फॉर्मवर पालकाची सही म्हणून अंगठा. तो फॉर्म भरताना मी तुझं बोट धरून शाईत टेकवलं होतं आणि तुझ्याकडे पाहिलं नव्हतं.

हे सगळं आज का आठवलं, तर मागच्या रविवारचं ऐक. दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल होता. मी कांजीवरम नेसून अर्धा तास आधीच फोनपुढं बसले. आठ दिवस खपून एक वाक्य तयार केलं होतं: तुम्ही याल तोवर मी घर रंगवून घेतलेलं असेल, पापड केलेले असतील, आणि तुमची भाषा शिकलेली असेन. त्या पडद्यावर आल्या, गोड हसल्या, काहीतरी विचारलं. मी घडाघडा अख्खं वाक्य म्हणून मोकळी झाले. त्या नुसत्या पाहत राहिल्या. त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे आता किती वाजलेत? लेक तिकडे त्यांच्या बाजूलाच होती, तिला हसू आवरेना. तिनं सासूला तिच्या भाषेत सांगितलं, आईला कळत काही नाही, तिनं नुसतं पाठ केलंय. आणि माय, ते मला कळलं. मनात मराठी करावं न लागता कळलेलं माझं पहिलं फ्रेंच वाक्य ते. मीही हसले. काय करणार? नंतर लेकीनं फोन करून विचारलं, "आई, राग तर नाही ना आला?" म्हटलं, "छे गं, राग कशाचा." तिनं वाईट मनानं केलं नव्हतं, मला ठाऊक आहे.

फोन ठेवला आणि साडी न बदलता तशीच खुर्चीत बसून राहिले. मला फार एकटं वाटलं. हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं, कारण तेव्हा घरभर माणसं होती. त्या दिवशी मला तूच पाहिजे होतीस, दुसरं कोणी चाललं नसतं. आणि तुझ्यापाशी मी कोणत्या तोंडानं आले असते?

कारण पाठ कर म्हणून मीच सांगितलं होतं. लंगडीचा डाव सुटून राह्यला होता म्हणून. "राहू दे व ते अक्षरं. मी वाचून दाखवते, तू पाठ करून टाक. साहेबाले काय समजते?" तू विचारलंस, "चालते का व असं?" मी म्हटलं, "हाव, चालते. साऱ्याच करून राह्यल्या." तुला ते खरं वाटलं, कारण शिकवणारी मी होते. त्या दिवशी साहेबांपुढं तू एवढंच म्हणायचं होतंस, हिनंच सांगितलं मले. म्हटली नाहीस. वर मला शाबासकी मिळाली तेव्हा तू बसल्या जागेवरून माझ्याकडे पाहून हसलीस. पुढची दहा वर्षं मी वाट पाहिली, की कधीतरी चिडशील, टोमणा मारशील, आणि आपलं फिटंफाट होईल. तू साऱ्या वस्तीत सांगत फिरलीस, माही पोरगी मास्तरीण होनार हाय.

हे कुठं पाठवायचं नाही, पाठवायला पत्ताही नाही. पण एक खरं सांगते. तुला वाचता येत असतं, तर मी हे लिहिलं नसतं.