चौकोनी शिपाई

सॅगिनॉ, मिशिगन
१२ जानेवारी २०१८

चि. ट्रॅव्हिस यास,
अ. उ. आशीर्वाद.

कॉम्प्युटर मला जमत नाही, आणि फोन करावा तर घर केवढंसं. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी रसेलला पलंगावर ऐकू जातं. म्हणून हे पत्र.

साखरेनं त्याची दृष्टी जवळजवळ गेली रे. उजव्या डोळ्याला ठळक अक्षरं दिसतात, तीही नाकाशी धरली तर. डायलिसिसला मीच गाडीतून नेते, पण वाटेत तो एक शब्द बोलत नाही. परवा मात्र नर्सला म्हणाला की आता पुरे, मी येणं बंद करणार. डॉक्टर म्हणतात, तो भानावर आहे, त्याचा त्याला अधिकार आहे. बंद केलं की एखाद-दोन आठवडे.

चौतिशीचा मुलगा माझा. बोलतो ते फक्त तुम्ही दोघं शाळेत असताना इंटरनेटवर टाकायचात त्या कॉमिकबद्दल. फोनची लाइन अडवून बसायचात, तेच. दुसऱ्याच्या गेममधला शिपाई कापायचा, आपल्या चित्रात चिकटवायचा, डोक्यावर फुगा काढून त्यात बडबड लिहायची. यात काय गंमत, मला तेव्हाही कळलं नव्हतं. ती साइट बंद पडली म्हणतो. तुझ्याकडे काही उरलंय का? त्याला दोन शब्द लिही. तुझं तो ऐकायचा.

तुझी,
व्हर्ना मावशी

—

डलूथ
२० जानेवारी २०१८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गॅरेजमध्ये जुनी सीडी सापडली. काही पानं खराब झालीत, बाकीची शाबूत आहेत. एकेक चौकट अख्ख्या कागदावर मोठी करून छापली आणि आजच पाठवली.

छापताना कामाचं भानच राहिलं नाही. तो शिपाई नखाएवढा, चेहरा म्हणजे चार ठिपके. त्याला रडवायचं तर रसेल एकच निळा ठिपका गालावर ठेवायचा आणि तासभर तो हलवत बसायचा. दर सोमवारी नवं पान. कुठल्या कुठल्या देशांतली मुलं वाट बघायची, शिव्याही घालायची, चित्रं चोरीची म्हणून. मग काकांचा कारखाना बंद झाला, रसेल कामाला लागला, मी कॉलेजात गेलो. शिपाई किल्ल्याच्या दारावर थाप मारतो, तिथेच सगळं थांबलं.

त्याला सांग, एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले की मी येतो, शेवट दोघं मिळून करू. तोवर त्याने तग धरावा. फक्त हे आमिष आहे असं त्याला वाटू देऊ नकोस.

तुझा,
ट्रॅव्हिस

—

सॅगिनॉ
२९ जानेवारी २०१८

प्रिय ट्रॅव्हिस,
स. न. वि. वि.

मी सांगतोय, आई लिहून घेतेय. तुझं पत्र तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, आमिषाचं वाक्यसुद्धा. या बाईच्या पोटात काही राहत नाही.

पानं मिळाली. पहिल्या पानावरचं पिवळं शिरस्त्राण मला दिसलं, पुढचं नाही. मग आईच वाचते, चर्चमध्ये वाचावं तशी. शिंगंवाला कोण म्हणून विचारते. मी सांगतो, तो आचारी. एकाही विनोदावर ती हसली नाही. मी मात्र बरगड्या दुखेपर्यंत हसलो.

एप्रिल माझ्याच्याने होणार नाही. शुक्रवारी डायलिसिसला शेवटचा जाऊन येईन. रागावू नकोस. आईलाही मी तिच्या तोंडावर सांगितलंय. ती आता लिहिताना थांबलीय, म्हणून मीही थांबतो.

…शेवट तू एकट्याने कर. शिपायाला मारू नकोस, एवढंच. आणि यायचं असेल तर बर्फातच ये.

तुझा,
रसेल

—

सॅगिनॉ
११ मार्च २०१८

चि. ट्रॅव्हिस यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू आलास, त्याच्या उशाशी बसलास, शेवटची चौकट त्याला शब्दांनी दाखवलीस. हे मी विसरणार नाही. तू गेल्यावर घर फार मोठं झालं.

गेल्या शनिवारी दारात तिघं उभी होती, दोन पुरुष आणि टोरांटोहून आलेली एक बाई. काउंट वॉफल इथेच राहायचे का, असं विचारलं. मी म्हटलं, घर चुकलं, असा कोणी इथे नाही, आणि दार लावायला लागले. तेव्हा त्या बाईने शिपायाचं चित्र पुढे धरलं. तू इंटरनेटवर त्यांच्या कुठल्याशा जागेवर तो गेल्याची बातमी आणि पत्ता दिला होतास म्हणे. कॉमिकखाली रसेल तेच टोपणनाव टाकायचा; त्याचं खरं नाव तिघांनाही ठाऊक नव्हतं.

मी त्यांना आत घेतलं, कॉफी केली. ती बाई म्हणाली, ती चौदा वर्षांची असताना तिची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती फक्त सोमवारची वाट पाहायची.  मी तिच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

मग त्यांना दफनभूमीत घेऊन गेले. तिथे अजून नुसता बर्फ, दगड नाही. तिघं थंडीत उघड्या डोक्याने उभी राहिली.

सोमवारी मी दगडवाल्याकडे गेले. रसेलच्या नावाखाली काउंट वॉफल असंही कोरायला सांगितलं. पाद्रीबाबांना ते थट्टेचं वाटलं. पवित्र जागा आहे, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "माझ्या मुलाला शोधत लोक येतात, बाबा. त्यांना तो सापडायला नको?"

तुझ्या आईला माझी आठवण सांग. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
व्हर्ना मावशी