माथिल्दच्या उंचीची खिडकी

ल्योन, ३ मार्च १९९६

चि. ओदील हिस माथिल्दताईचे अनेक आशीर्वाद.

पेपरातला फोटो पाहिला. बाबांच्या घराच्या सपाट गच्चीवर तू, शेजारी महापौर, आणि खाली छापलंय ‘घराची मालकीण’. घर आपल्या दोघींचं, फोटोत मात्र तू एकटीच. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. मी इथे चौथ्या मजल्यावर समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी बघत कॉफी पिते आणि तू जन्मभर समुद्र बघत आलीस. ज्या घराला गाव ‘साबणाची वडी’ म्हणून हसायचं, ते बघायला आता लोक रांग लावून येणार म्हणे.

जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा खात्याचं पत्र आलं. समुद्राकडच्या खोलीची भिंत खरवडली तर तुझ्या निळ्या रंगाखाली पिवळा निघाला. घर कुठल्या तरी एकाच सालातलं दिसलं पाहिजे, आणि ते साल आपण दोघींनी सही करून ठरवायचं. माझं साल १९३१. तेव्हा ती पिवळी खोली माझी होती. मग तू जन्मलीस आणि माझी रवानगी मागच्या, जिन्यालगतच्या खोलीत झाली. पिवळा परत येणार असेल तरच मी सही करीन.

गुडघा कसा आहे? लोणी कमी खा. लोभ तू ठेव, मत्सराचं मी बघते.

तुझी,
माथिल्दताई

ग्रानव्हिल, १० मार्च

ती. ताईस ओदीलचा सा. न. वि. वि.

मत्सर काय तुला एकटीलाच येतो? बाबा प्रत्येक पाहुण्याला माझ्या खोलीत आणायचे आणि खिडकी दाखवायचे. वास्तुकाराने म्हणे दोन वर्षांच्या माथिल्दला भिंतीशी उभं केलं, तिच्या हनुवटीखाली पेन्सिलीने खूण केली आणि तिथून खिडकी काढली. तिला कुणी उचलून न घेता समुद्र दिसावा म्हणून. मी पलंगावर बसून ते ऐकायची. पाहुणे विचारायचे, माथिल्द कुठे आहे?

तुझं माप सिमेंटात आहे, ताई. माझ्या मापाचं या घरात काहीच नाही. मी होणार म्हणून आईने १९३६ साली स्वतः दिलेला तो निळा रंग, एवढंच माझं. तू ल्योनला संसार थाटलास. या सपाट गच्चीच्या गळतीखाली बादल्या मी ठेवल्या. तरी साल तूच ठरव, मोठी आहेस. मी भांडणार नाही.

गुडघा दुखतो. लोणी खातेच. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
ओदील

ल्योन, १७ मार्च

चि. ओदील हिस अ. आ.

हनुवटीची खूण मला माहीतच नव्हती. बाबांनी ते पाहुण्यांना सांगितलं, मला नाही. आधी फार आनंद झाला, मग तुझा राग आला. माझी एवढी मोठी गोष्ट तू इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवून घेतलीस.

सही केलेला कागद सोबत आहे. साल १९३६ लिहिलंय. निळा राहू दे. खरवडलेला पिवळा चौकोन मात्र तसाच उघडा ठेवायचा, त्यावर रंग द्यायचा नाही, फोटोही टांगायचा नाही.

उन्हाळ्यात येते. पलंग खिडकीशी सरकवून ठेव, तिथे मी झोपणार. तू मागच्या खोलीत झोप. मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. आई तुझ्याजवळ बसून गायची, ते मी पलीकडून ऐकत पडायची. या खेपेला मी गाईन. माझा आवाज वाईट आहे, पण तुला ऐकावं लागेल.

लोभही आता निम्मा-निम्मा करू.

तुझी,
ताई