आवाजाची आयात

आमली, सिल्वासा
८ सप्टेंबर २०२४

ती. उषाताईस,
चंदूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

किती रविवार झाले, तुझा फोन उचलला नाही. रागावली असशील. मोबाइलवर तू पाठवतेस त्या फुलांच्या सुप्रभातखाली खरं काही लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. चंदूनं कागद घेतला म्हणजे पैसे हवेत, असं आबा म्हणायचे. पैसे नकोत. मला फोनवर ऐकू येत नाही.

उजवा कान गेला. डावा सामान बांधतोय. डॉक्टर म्हणाले, कारखान्यांच्या गोंगाटानं आतली नसच झिजली. यंत्र लावलंत तर आवाज मोठा होईल, पण शब्द लागतीलच असं नाही. लावून पाहिलं. पत्र्यावर खडी ओतल्यासारखं झालं. डबीत ठेवून दिलंय.

मी काय विकतो ते तुला ठाऊक आहे. राखोलीच्या सूत कारखान्यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि शेकडो स्पिंडलांतलं आजारी कोणतं ते सांगायचं. सातवी नापास माणसानं एवढ्यावर घर बांधलं, रसिकाला इंजिनिअर केलं. गेल्या महिन्यात एका कारखान्याचा माल तुर्कस्तानातून परत आला. तिथं त्या सुताचं पडद्याचं कापड विणलं, रंगवलं, तर अंगभर पट्टे उमटले. गौरव म्हणून पुण्याचा मॅनेजर आहे, गुणी पोरगा. तो कच्च्या धाग्याला शिव्या देत होता. मी मशीन उघडलं. मीच पास केलेलं बेअरिंग पार गेलेलं. तिथल्या तिथे सांगून टाकलं. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. ताई, इथं मला जे ऐकू आलं नाही, ते समुद्रापलीकडे कुणाला तरी डोळ्यांनी दिसलं.

तू जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलंस, म्हणून विचारतो. आमचं सिल्वासा बघ. ना कापूस, ना तेलाची विहीर. धागा बाहेरचा, मशीन जर्मनीचं, चालवणारे बिहारचे, गिऱ्हाईक तुर्की. करात सवलत होती म्हणून सगळे आले. सवलत गेली, पण तोवर हात बसला, म्हणून चाललंय. पण ज्या देशाकडे विकायला एकच माल आहे आणि तोच संपला, त्यानं काय करायचं?

रसिकाला आठवा लागलाय. डॉक्टर ती राहते तिथलाच, म्हणून बाळंतपण नाशिकलाच. लेकीसाठी लीला येईल, तू तर शेजारीच आहेस. दोघींना यातलं काही बोलू नकोस. बाळाचं रडणं ऐकेपर्यंत डावा कान टिकावा, एवढंच मागणं आहे.

लोभ आहेच, जरा मोठ्या आवाजात असू दे.
तुझा, चंदू

*

नाशिक
१६ सप्टेंबर २०२४

चि. चंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. खोड जात नाही.

लीलाला सांगू नको म्हणतोस! अरे वेड्या, वर्षभर ती तुझ्या डाव्या हाताला बसतेय. जेवताना, टीव्हीपुढे, रिक्षातसुद्धा. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण कान गेला तरी तुझी ऐट गेलेली नाही. मला तिनंच दिवाळीत सांगितलं होतं. तू सांगशील म्हणून आम्ही दोघी थांबलो होतो.

आता तुझा प्रश्न. वर्गात मुलं विचारायची, बाई, एखादा देश सगळ्यातच सरस असेल तर त्यानं दुसऱ्याकडून काही घ्यावंच कशाला? मी आबांची पिठाची चक्की सांगायची. दळणात मी तुझ्याहून बरी, अभ्यासातही पुढे. पण दळणात तू जरासाच कमी, अभ्यासात मात्र कोसभर मागे. म्हणून मी शाळेत गेले, तू चक्कीवर बसलास, आणि घराचं दोन्हीकडून भागलं. कोण सरस हे बघायचं नसतं. काय करण्यासाठी काय सोडावं लागतं, ते बघायचं. मुलांना पटायचं. पुढचं मी कधी सांगितलं नाही. तू पिठानं पांढरा होऊन माझ्या भूगोलाच्या पुस्तकातली चित्रं बघत बसायचास, आणि पानांवर तुझी बोटं उमटायची. घराचा फायदा झाला, चंदू. कुणाच्या वाट्याला काय आलं, ते मी फळ्यावर लिहिलं नाही.

एकाच मालावर जगणाऱ्या देशांचे हाल होतात. खोटा धीर देणार नाही. पण आपल्याकडे नाही ते बाहेरून आणण्यात कसली आलीय लाज? माझंच बघ. आईचा चेहरा फोटोत आहे, पण तिचा आवाज मला मुळीच आठवत नाही. कानवाला तू होतास.

तब्येतीला जप, आणि शाईचं पेन वापर.
तुझी, ताई

*

आमली
२० ऑक्टोबर २०२४

ती. ताईस सा. नमस्कार.

लीला तिकडे गेली आणि इथं घर मुकं झालं. पुढच्या खोलीत बसलो की कुकर कळत नाही. वरण दोनदा करपलं, वासानं उठलो. काल मिक्सर सुरू करून पाहिला. हाताला कळला, कानाला नाही. डावाही गेला, ताई.

राखोलीला जाऊन सगळ्यांना सांगून आलो, आता दुसरा माणूस बघा. गौरवनं माझा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, त्याच्या टेबलावर ठेवायला म्हणे. दिला. बाहेर आलो आणि रिकामा हात कुठं ठेवावा ते कळेना.

लीला डाव्या बाजूला बसायची, ते मला खरंच कळलं नव्हतं.

बाळाचा व्हिडिओ पाठवू नका. नुसतं तोंड हललेलं बघवणार नाही. तू लिही. मी बाहेरून मागवतो आहे.
चंदू

*

नाशिक
९ नोव्हेंबर २०२४

चि. चंदू आजोबांस आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. आता तुझा माल.

आधी नुसती कोरडी खरखर. चक्की सुरू करताना पट्टा घसरायचा, तशी. मग काहीच नाही. लीलानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आणि मग पट्टा धरला. पहिला टाहो वर चढत गेला, मध्येच फाटला, पुन्हा चढला, अगदी दगडात दाणा गेल्यासारखा भरीव. थकली की आवाज पोकळ होत जातो. दाणे संपत आले की चक्कीचा व्हायचा, आणि तू पळत येऊन ती बंद करायचास, तसा. शेवटी एक बारीक उचकी. मग झोप.

जसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर पदरचं नाही. बारशाला ये.
ताई

*

आमली
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
चंदूचा सा. नमस्कार. पोचलो.

बारशात तुम्ही सगळे होतात, म्हणून बोललो नाही. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी पाळण्यापाशी एकटा होतो. ती जागी झाली. तोंड उघडलं, कपाळ लाल झालं, मुठी आवळल्या. मी वाकून डावा कान तिच्या ओठांना लावला. गालाला ऊन श्वास लागला, बाकी काही नाही. मग खिशातून तुझं पत्र काढलं आणि ती रडत होती तोवर वाचलं. पट्टा घसरला, तिथं तिनं श्वास घेतला. पट्टा धरला, तिथं मूठ उघडली. ‘पोकळ होत जातो’ इथवर आलो तेव्हा लीला मागून आली, तिनं बाळाला उचललं आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. सवयीनं.

माल पोचला, ताई. आता माझ्याकडून घे. जुना साठा आहे, अजून नासलेला नाही.

आई तुला हाक मारायची ती ओट्यावरून. ‘उषे’ म्हणायची. ‘उ’ लांबवायची, बादली विहिरीत सोडावी तसा. ‘षे’ मात्र एकदम आखूड, बादली पाण्याला टेकल्यासारखा. तू आली नाहीस की दुसरी हाक थोडी खाली, घोगरी. तिसरी ती कधीच मारायची नाही. पदराला हात पुसत, बांगड्या वाजवत, स्वतःच तुला बघायला निघायची.
तुझा, चंदू